दोन सेंटिमीटर

आमच्या हुपरीत दोन्हींना शीरच म्हणतात.
रक्त वाहतं ती शीर,
कळ जाते तीही शीर.
डॉक्टर कळंत्रे हसले नाहीत.
केसपेपरच्या पाठीवर दोन रेघा काढल्या,
मधे जागा सोडली.
चांदीच्या पत्र्यानं तेवढी खाल्ली होती, उजव्या तर्जनीतली.

"टोकं ओढून शिवली तर ताण येतो, टिकत नाही.
तुमच्याच मनगटाची रक्तवाहिनी घेऊ, बारकी.
तिच्यावाचून अडणार नाही."
म्हणजे मधे रिकामी नळी?
"रिकामी. तार आतून आपली आपण येते."

तार मला कळते.
एकतीस वर्षं पैंजणाच्या कड्या वळल्या,
सवागीचा ठिपका, झाळेचा कण, फुंकणीची निळी जीभ.
जोड दिसला की माल परत.
पण पोकळी ठेवायची
आणि चांदीनं चालत यायचं,
असलं काम कुणी सांगितलं नव्हतं.

काखेत सुई देऊन हात झोपवला, मी जागा.
पडद्यापलीकडं ते कुणाला तरी सांगत होते:
शिरेत दारं असतात, काळजाकडंच उघडणारी,
म्हणून उलटी फिरवून लाव.
म्हणजे आता ती बोटाकडं उघडतात.
हे मी सुमतीला दोनदा सांगितलं.
ती म्हणाली, झोपा आता.

दिवसाला एक मिलिमीटर, जमलं तर.
महिन्याला एकदा केएमटीनं कोल्हापूर.
डॉक्टर बोटावर टिचकी मारत पुढं सरकतात,
जिथं झिणझिण्या उठतात तिथं पेनानं टिंब.
घरी येईपर्यंत टिंब घामानं गेलेलं.
उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, थांबल्या.
भट्टीशी एकदा बोट भाजलं,
वास आधी आला, मग कळलं.
शेजारचा बाळगोंडा म्हणतो, तेल लावून चोळ की रं.

परवा घुंगरू चिमटीत धरलं
आणि काहीतरी लागलं.
गार का गरम, सांगता येईना.

रात्री सुमतीनं केसातला आकडा काढला,
टोकं फाकवली.
"डोळे मिटा. एक का दोन?"
एक.
"दोन होती."
परत लाव.
"आता?"
थांब जरा,
येऊ दे.