कारणाचा रकाना

रास्ता पेठेतल्या हॉस्पिटलात
तेवीस वर्षं मी मस्टर सांभाळतो.
निळं पेन, लाल पेन, आणि लोकांचं शुद्धलेखन.
रजेच्या अर्जातलेही ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत देतो,
त्यामुळे माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात
ते मला ठाऊक आहे.

यंदा तीस जुलैला दोन अर्ज.
सिस्टर सुगंधा भवारी, सर्जिकल.
दरवर्षी हीच तारीख, दरवर्षी कारण : घरगुती काम.
सिस्टर अनुमोल, सर्जिकलच.
कारणाचा रकाना कोरा.

दोघींना एकदम सोडणं शक्य नव्हतं.
भिडे पूल पाण्याखाली,
निम्मा स्टाफ नदीपलीकडून उशिरा येणारा,
वॉर्डात दोन पेशंट जमिनीवर.
दोघींना बोलावलं. म्हटलं, तुम्हीच ठरवा.

सुगंधा म्हणाली, माळीण.
पाकिटावर गाव लिहावं तसं, एवढंच.
तेव्हा ती नववीत, आश्रमशाळेत.
सकाळी रांगेत उभी होती,
आणि तिकडे घर, गोठा, चुलत्यानं नुकतं घातलेलं जोतं,
सगळ्यावर डोंगर.
मी म्हणालो, म्हणून वाचलीस.
"वाचले नाही काका. उरले."

पेपरात आम्ही वायनाड वाचलं होतं.
अनुमोल म्हणाली, चूरलमला.
मला ते नीट लिहिता येईना,
तिनं एकेक अक्षर सांगितलं, मी लिहिलं.
तिचं मराठी अजून चार वर्षांचं.
चहामळ्याखाली आत्याचं घर,
आत्या, तिची मुलगी, मुलीचं बाळ.
"रात्री झोपले होते सगळे.
मग डोंगर आली."

डोंगर आली.
माझी जीभ हलली नाही.
सुगंधानंही दुरुस्त केलं नाही.

तिचं दहावं वर्ष होतं ते.
गावात फुलं वाहून सगळे उभे असताना
कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली,
आणि त्यांना वाटलं,
आपलाच जुना फोटो कुणी परत पाठवलाय.
तोच लाल चिखल, तोच पत्रा उभा रुतलेला.

इकडे अनुमोल नाइट अर्धी टाकून
सही न करता गेली होती.
मी तिच्या नावापुढे लाल पेनानं लिहिलं :
विनापरवानगी गैरहजर.
पुढचे एकोणीस दिवस लिहीत राहिलो.
अक्षर सुरेख आहे माझं.

मग माझ्या टेबलापाशीच त्यांनी वाटणी केली.
अनुमोलची वेळ पहाटेच्या आधीची,
सुगंधाची उजाडल्यानंतरची.
एकोणतीसची नाइट सुगंधा करेल,
अनुमोल आपल्या खोलीवर जागी बसेल,
साताला येऊन चार्ज घेईल,
आणि सुगंधा वाकडेवाडीहून घोडेगावची एसटी धरेल.
गर्दीच्या दिवशी दोन पेशंटना एकच खाट द्यावी
तशी त्यांनी ती तारीख वाटून घेतली.
मी म्हटलं, पोचेपर्यंत तुला बारा वाजतील.
"चालेल," ती म्हणाली, "तिथं कुणाला घाई आहे."

आमच्याही शहराची एक तारीख आहे, बारा जुलै.
वडील मला पेठेत नेऊन
भिंतीवर बोट लावून दाखवायचे : इथवर पाणी.
मी कंटाळायचो. मला भेळ हवी असायची.
त्या भिंतीवर आता एटीएमचा बोर्ड आहे,
आणि पाणी नेमकं कुठवर होतं
हे मला कुणी विचारलं तर
हात किती वर करायचा ते आठवत नाही.

कोऱ्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं.
अनुमोलनं माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि सुगंधाच्या 'घरगुती काम'च्या बरोबर खाली
दोन बारीक रेघा मारल्या.
वरच्याप्रमाणे.

निळ्या पेनानं मी दोन्ही मंजूर केले.
मागच्या वर्षीचं मस्टर खाली स्टोअरमध्ये आहे,
किल्ली माझ्याच ड्रॉवरात.
रोज संध्याकाळी ड्रॉवर बंद करताना
ती वाजते.