कोर्ट नंबर चार

सावदा सोडून रावेर रोडला लागलं
की डाव्या हाताला माझा वजनकाटा.
साठ टनांपर्यंत मोजतो.
दहा किलोच्या खालचं त्याला कळतच नाही.

शटल भरतं पाच ग्रॅम.

फेब्रुवारी सरता सरता, रात्रीचा दीड.
तिकडे जर्मनीत नऊ वाजलेत,
पहिली फेरी चालू आहे.
एक नंबर कोर्टावर दिवे, कॅमेरे, मोठी नावं.
माझा डावखुरा चार नंबरवर.
चार नंबरला कॅमेरा नाही.
मोबाईलवर नुसते आकडे हलतात,
सात-पाच,
आठ-पाच,
आठ-सहा.

नऊ वर्षं झाली ह्या माणसाच्या मागे.
फिनलंडचा आहे. नाव मला अजून धड म्हणता येत नाही.
एकदा रँक एकोणतीस होती, आता एकशे बारा.
पहिल्यांदा पाहिला तेव्हाही हरलाच होता,
हात मिळवून झाल्यावर परत आला
आणि स्वतःच्या घामाचे थेंब
स्वतःच्या टॉवेलने पुसून गेला.
बस्. तेवढ्यावर मी अडकलो.

सुपडू हमाल त्याला पाव्हना म्हणतो.
‘पाव्हना जितला का आज, भो?’
नाही रे.
‘मंग काबरं जागता रातभर?’

काय सांगू. शाळेमागच्या पटांगणात
आम्ही प्लास्टिकच्या शटलने खेळायचो.
वारा ज्याच्या पाठीशी तो जिंकायचा,
म्हणून दर पाच पॉइंटला बाजू बदलायची.
खेळ शिकलो नाही त्यात,
वारा शिकलो.

हरियाणाचा ट्रक काट्यावर चढतो, केळी भरून,
लाल आकडे आधी बावचळतात,
मग एकेक करून जागेवर बसतात.
घाई केली तर चुकीची पावती फाटते.
मोबाईलवरचंही तसंच वाचतो मी.
आकडा पटकन बदलला, म्हणजे सर्व्हिस नेटमध्ये.
दहा सेकंद लागले, तर दोन-तीन क्लिअर आणि स्मॅश.
अर्धं मिनिट झालं
की मी खुर्चीच्या टोकाला.

तिसरा गेम. अठरा-अठरा.

आकडा थांबला.
ट्रकवाला हॉर्न देतो, देऊ दे.
मी इकडे रॅली खेळवतोय:
हा बॅकहँडला ढकलतो, तो उचलतो,
हा नेटवर नुसतं टेकवतो, तो पुन्हा उचलतो,
चाळीस फटके झाले, साठ झाले,
पिसं विस्कटली असतील, तरी शटल पडत नाही.
सातपुड्यावर वणव्याची एक रेघ आहे,
तीही जागची हलत नाही.
दोन मिनिटं. अशी रॅली मी जन्मात पाहिली नाही,
हीही पाहिली नाहीच.

मग आकड्याशेजारी एक शब्द येतो.
रिटायर्ड.

म्हणजे रॅली नव्हतीच.
मी साठ फटके मोजत होतो
तेव्हा तो जमिनीवर बसला होता, गुडघा धरून,
डॉक्टर स्प्रे मारत होता,
आणि अंपायर खुर्चीतून वाकून विचारत होता,
खेळणार?

भुसावळच्या लोको शेडमधून बाबा रिटायर झाले
तेव्हा शाल मिळाली, श्रीफळ मिळालं,
आणि दर तासाला वाजणारं एक घड्याळ.

हरियाणावाला खाली उतरून काचेवर टकटक करतो.
भरलेलं वजा रिकामं, सही, शिक्का.
ट्रक गेल्यावर मी झाडू घेतो.
काट्यावर केळीच्या पानांचा चुरा पडलेला असतो
आणि चिकाचे डाग, ते निघत नाहीत.
सुपडू विडी शिलगावतो. आज काही विचारत नाही.

पहाटे चारला मी पुढच्या स्पर्धेची यादी उघडतो.
मंगळवार, पात्रता फेरी, खालून तिसरं नाव.
अजून आहे.
कोणी खोडलं नसेल म्हणून असेल,
तिकडे सगळे झोपलेत.

मी पान पुन्हा उघडून बघतो.