पंच म्हणेपर्यंत

ओर्वोच्या हातांवरची राळ काढायला
अर्धी बाटली गोडेतेल लागायचं.
सूर्यफुलाचं, दुकानातलं सगळ्यात स्वस्त.
तो न्हाणीत जमिनीवर फतकल मारून बसे,
स्टुलं दोन मोडली होती आधीच,
आणि मी मनगटापासून कोपरापर्यंत
लोणी लावायच्या बोथट सुरीनं
पाइनचा तो काळपट चिकटा खरवडत राही.
केस निघत. कधी सालडंही.
तो हूं की चूं करत नसे.
साबण डोळ्यात गेला की मात्र बोंबलायचा.

सोळा वर्षं.
हिवाळ्यात कुहमोच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटायचा,
तो पगार.
उन्हाळ्यात गावोगावच्या बाजारचौकात
ट्रक ओढायचा, ओंडका डोक्यावर न्यायचा,
पाच गोल धोंडे पाच पिंपांवर चढवायचे,
तो खर्च.
सगळ्यात मोठं बक्षीस, एक करवत-यंत्र आणि सहाशे युरो.
एकदा चीनला गेलो. विमानात त्याला दोन खुर्च्या,
मधला दांडा काही केल्या वर होईना,
अकरा तास तो दांडा बरगडीत घेऊन बसला.
नववा आला.
नवव्याला टोपी मिळते.

खाणं हीच त्याची खरी नोकरी.
रात्री अकराला सातवं ताट,
भात, खिमा, वर अंडी,
आणि ताटासमोर दीडशे किलोचा माणूस रडतोय,
"तुइरे, आता नको."
मी समोर बसून, "एवढे चार घास."
हे मी कोणाला सांगितलं नाही कधी.

लोकांना वाटतं, उचललं की झालं.
डोक्यावर ओंडका, कोपरं ताठ, पाय जागच्या जागी,
तरी पंचाचा हात वरच असतो.
तो खाली येऊन "खाली!" ऐकू येईपर्यंत
उचललेलं उचललेलं नसतं.
योएन्सूला एकदा नेमकी पंचाला शिंक आली.
आली म्हणजे, येते येते म्हणत राहिली.
तेवढा वेळ ओर्वो उभा,
नाकातलं रक्त ओठावर, ओठावरून हनुवटीवर,
एकशे साठ किलो आभाळाला टेकवल्यासारखे.
लोक हसत होते. नंतर तोही हसला.
त्या पंचाला मी अजून ओळख देत नाही.

मग कायानी. चौथा धोंडा.
आवाज मला तिसऱ्या रांगेत आला,
ओली चादर झटकावी तसा.
दंडातला गोळा खांद्याकडे गुंडाळला गेला
आणि धोंडा गवतात घरंगळला, सावकाश,
एका पोराच्या आइसक्रीमपाशी थांबला.
डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं.
ओर्वोनं कागदाची घडी केली, खिशात ठेवली.
घरी येताना फक्त इतकंच, "टायर बदलायला हवेत."

तीन आठवड्यांनी त्याचे वडील, आल्पो, गेले.
आमच्याकडे पेटीला खांदा देत नाहीत.
कापडी पट्टे हातात धरून नेतात
आणि त्याच पट्ट्यांवरून सहाजण खड्ड्यात सोडतात.
डावा हात झोळीत, तरी हा उजव्यानं धरणारच म्हणाला.
पुतण्याला बाजूला केलं त्यानं, नुसत्या नजरेनं.

पेटी उतरली.
पाच जणांनी पट्ट्यांची टोकं आत टाकली.
याच्या बाजूचा कोपरा वीतभर अधांतरी.
एका हातावर.
पाद्रीणबाईंनी पुस्तकाचं पान उलटलं, परत मागं आणलं.
कोणी खोकलं. बर्चच्या झाडावर एक कावळा जागा बदलत होता.
कोपर ताठ, पाय जागच्या जागी,
नजर समोर, जिथं कोणीच नव्हतं.
मला कळायला वेळ लागला.
मग ओल्या मातीतून मी त्याच्याजवळ गेले
आणि कानाशी म्हणाले, "खाली."

घरी आल्यावर कोट न काढता
तो न्हाणीत जाऊन बसला जमिनीवर.
हाताला काही लागलेलं नव्हतं.
मी बाटली आणली.