हे म्हणणे खरे नाही

आज कामकाज नाही. वेंगुर्ल्याच्या कोर्टात
भार्गवराम नाबर वकिलांचा शोकप्रस्ताव,
बार रूममधले सगळे उभे.
एक्कावन्न वर्षांची प्रॅक्टिस, अध्यक्ष वाचतात,
विनाकारण कधी तारीख मागितली नाही,
कधी आवाज चढवला नाही.
खरे आहे. चढवावा लागला नाही.
साक्षीदार बोलून थांबला की ते चष्मा काढायचे,
पुसायचे, काच उजेडाला धरायचे,
आणि त्या शांततेला घाबरून
माणूस आपणहून नको ते सांगून बसायचा.
फी म्हणून त्यांनी सोडे घेतले, काजूगर घेतले,
एकदा पुढचे चाक नसलेली सायकल.
कोट खांद्यांवर हिरवट झाला होता.
तेरा वर्षे मी त्यांची बॅग उचलली,
म्हणून पुढची पाळी माझी.

मला आठवते द्वारका खवणेकर,
सरकार पक्षाची साक्षीदार क्रमांक तीन.
रापणीची खोप जळाली त्या रात्री
जाळाच्या उजेडात तिने आमचा अशील पाहिला,
मोचेमाडची खाडी उतरून पलीकडे जाताना.

पाणी कुठवर होते, बाई?
ढोपराक.
किती वाजता?
नवाचो भोंगो झालो तेवा.

नाबरांनी खिशातून पिवळे पुस्तक काढले,
बंदर खात्याचे, भरती-ओहोटीचे.
कृष्ण एकादशी. रात्री नऊ वाजून पाच मिनिटे.
पूर्ण भरती.
मग तो चालत गेला, बाई, की पोहत?
चालत.
चष्मा. काच. उजेड.
ती घाबरली नाही, पुढचे काही बोलली नाही,
नुसती आपल्या पायांकडे बघत राहिली,
जणू खरे साक्षीदार ते होते
आणि त्यांचा पुकारा झालाच नव्हता.

संशयाचा फायदा. निर्दोष.
संध्याकाळी ऑफिसात पेढे आले. मी दोन खाल्ले.

त्यानंतर चौथ्या वर्षी वहिवाटीच्या एका दाव्यात
जागा बघायला आम्ही मोचेमाडला गेलो.
पुस्तकाप्रमाणे ऐन भरतीची वेळ,
आणि पलीकडून एक पोर
दप्तर डोक्यावर धरून येत होते,
ढोपरभर पाण्यातून.
तोंडार रेवेचो दांडो आसा, होडीवाला म्हणाला,
दर्यो भरलो तरी खाडयेक मागसून कळता.

नाबरांनी चपला काढल्या, पॅन्ट दुमडली,
आणि जाऊन पाण्यात उभे राहिले.
पाणी मांड्यांना लागेपर्यंत.
दुमड भिजली, घड्याळ भिजले असते
तर होडीवाल्याने हाक मारली.
परतताना गाडीत एवढेच म्हणाले,
पुस्तक बंदराचे होते.

त्यांनी काही चूक केली नाही.
कायद्यात बसवून बघा, बसते.
अपिलाची मुदत संपलेली,
अशिलाचे ते अशिलाचे.
फक्त मासळी बाजारात द्वारका दिसली की
ते तिच्या पाटीसमोर थांबायचे, बांगड्यांचा भाव विचारायचे.
तुमका नाय, ती म्हणायची.
दर शनिवारी विचारायचे.

आता सगळे माझ्याकडे बघताहेत.
सर फार शिस्तीचे होते, मी म्हणते.
आमच्यासारख्यांना त्यांनी घडवले, मी म्हणते,
आणि खाली बसते.

बाकीचे मनातल्या मनात, शपथेवर:
मी मयत इसमास तेरा वर्षे ओळखत होते.
ते पुस्तक शेवटपर्यंत त्यांच्या वरच्या खणात होते.
ते तिथे विसरून राहिले होते हे म्हणणे खरे नाही.
खाडीला भरती उशिरा येते
हे त्यांना आधी ठाऊक होते काय,
मला सांगता येणार नाही.
मी हे कधी विचारले नाही हे म्हणणे खरे आहे.
मी घाबरले म्हणून विचारले नाही
हे म्हणणे