डावं-उजवं

नाना पेठेत, टायरवाल्यांच्या ओळीत,
दोन पावलं आणि एक पंप एवढं माझं दुकान.
उस्ताद गफूरभाईंनी शिकवलं ते असं:
उजव्या मुठीत पुढचा ब्रेक, डाव्या मुठीत मागचा.
का, विचारलं तर पान्हा बोटांवर बसायचा.
एकदाच, चहा बरा जमला होता म्हणून, बोलले:
"अरे, आपण रस्त्याच्या डावीकडनं जाणारी माणसं.
वळताना उजवा हात काढून दाखवायचा.
मग सायकल कोण धरणार? एकटा डावा.
त्याच्याकडे पुढचं चाक दिलं, आणि तो घाबरला,
तर तू हँडलवरनं थेट दारूवाला पुलाखाली."

मोटारसायकलचं वेगळं.
पळवायचं उजव्यानं, आवरायचंही त्यानंच.
डाव्याकडे क्लच,
म्हणजे इंजिन आणि चाकातलं बोलणं
तोडायचं, गिअर पडला की पुन्हा जोडून द्यायचं.
जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता,
पुढे कधीतरी डाव्या पायाला गेला.
मला कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये रेवती काळभोर आली.
भोसरीच्या पॉवर प्रेसनं
डाव्या हाताची चार बोटं ठेवून घेतलेली.
"अंगठा आहे," म्हणाली,
सुट्टे आहेत म्हणावं तशी.
लेकाची सायकल होती सोबत.

दोन रात्री गेल्या.
उजव्या एकाच लिव्हरला दोन वायरी:
मागची आधी ओढली जावी, पुढची केसभर उशिरा.
केसभर मोजायला पट्टी नसते.
रस्त्यावर खडूनं रेघ मारली
आणि स्वतःच बसलो, डावा हात खिशात घालून.
रेघ आली. उजव्यानं दाबलं. सायकल थांबली, नीट.
पण तीस वर्षांचा माझा डावा हात
खिशातल्या खिशात ब्रेक आवळत होता,
किल्ल्यांचा जुडगा मांडीत रुतेपर्यंत.

सकाळी ती म्हणाली,
"आणि हात कसा दाखवू? उजवा तर गुंतला."
म्हटलं, बाई, पुण्यात हात दाखवून वळतंय कोण?
ती हसली नाही.
पैसे दिले, पावती मागितली, निघाली.

क्वार्टर गेटच्या चौकात, मी बघतोय,
तिनं डावा हात उचलला,
डोक्यावरनं वाकवला,
आणि अंगठा उजवीकडे केला.

मागचा रिक्षावाला काय समजला कोण जाणे.
थांबला.