धडा चौथा, अक्राणी

खडूनं तीन जहाजं काढली फळ्यावर.
शिडं फुगलेली, खाली दोन नागमोडी रेघा, म्हणजे समुद्र.
समुद्र इथं कुणी बघितलेला नाही, मीही धरून.
मला ठाऊक अमळनेरच्या बोरीचं कोरडं पात्र,
पोरांना नर्मदेचं तुंबलेलं पाणी,
ज्याच्या तळाशी त्यांच्या आज्यांची घरं आहेत
मोहाच्या झाडांसकट.

धडा वाचला मोठ्यानं.
दर्यावर्दी उतरले. झेंडा रोवला. बेटाला नाव दिलं.
काचेचे मणी दिले, सोनं घेतलं.
तिथल्या माणसांना इंडियन म्हणाले,
कारण निघाले होते आपल्याकडे.
पोरं फुटली हसायला.
सायसिंग मागच्या बाकावरून ओरडला,
"सर, म्हणजे आपलं नाव चोरून नेलं तिकडं?"

हसली नाही ती एकटी सुनीता.

सुनीता, हजेरीपटात.
आईनं ठेवलेलं नाव निराळं,
पहिल्या गुरुजींच्या जिभेला ते वळलं नव्हतं,
शिवाय रकाना लहान.
जन्मतारीख एक जून.
तिच्या भावाची एक जून. वर्गातल्या एकतीस जणांची एक जून.
या डोंगरात सगळे एकाच दिवशी जन्मतात,
शाळेला सोयीच्या.

"सर, किनाऱ्यावर आधीपासून कोण उभं होतं?"
लोक, मी म्हणालो.
"नाव काय त्यांचं?"
पुस्तक मागंपुढं चाळलं.
जहाजांची नावं होती. तिन्ही.

दुपारी ताटात मक्याची भाकर, मिरचीचा ठेचा.
मी बोलून बसलो, हे दोन्ही त्यांचंच बरं का,
त्या किनाऱ्यावरच्यांचं. जहाजातून आलं.
स्वयंपाकघरातून रुमालीबाई:
"काहीबाही नका शिकवू पोरांना.
मका आम्हाला डोंगरानं दिला."
नंदुरबारच्या पथारीवर ती चार हिवाळे राबली,
लाल मिरच्यांची एकरंच्या एकरं पसरली, उलटली,
तिचा ठसका अजून गेलेला नाही.
तिला कोण सांगणार, आग उसनी आहे म्हणून.

सुनीता भाकरीचा तुकडा हातात धरून होती.
"दाणे आले.
मग ती माणसं कुठं राहिली?"

मी उठून घंटा दिली.
वेळ झाली नव्हती.

मीही आलोच की जहाजातून.
धुळ्याहून धडगावची एसटी,
चांदसैलीच्या घाटात तीनदा बंद पडलेली.
सोबत खडूचा खोका आणि एक पट्टी.
पट्टी आधी माझ्यावरच पडलेली, नाशकात, डीएडला.
"तू कथाईन उना?" एवढंच विचारलं होतं कुणाला तरी.
उना नाही रे, आला म्हण. आ-ला.
आता मीच म्हणतो, आ-ला.
मारत नाही. तेवढीच सुधारणा.

चाचणीत प्रश्न होता, रिकाम्या जागा भरा.
............ यांनी नव्या जगाचा शोध लावला.
सुनीतानं ठिपक्यांवर बारीक अक्षरात लिहिलंय:
जागा रिकामी नव्हती.

एका गुणाचा प्रश्न.
लाल पेन उघडून बसलोय केव्हाचा.
गुरुवारी केंद्रप्रमुख येणार, गठ्ठा बघणार,
शून्य दिलं तर कुणी काही विचारणार नाही,
एक दिला तर मलाच सांगावं लागेल काहीतरी.
बाहेर कुणीतरी कणसं भाजतंय.

तिचं नाव विचारलं होतं मी, सोमवारी.
तिनं सांगितलं. मग पुन्हा, सावकाश, मला समजावं म्हणून.
मधला एक आवाज माझ्या बाराखडीत बसेना.
हजेरीपटाच्या कडेला
नुसती खाडाखोड झालीय.