आवाजी

सभागृहाच्या मध्यभागी, अध्यक्षांच्या पायऱ्यांखालच्या टेबलाशी
मी बावीस हिवाळे बसले.
दहा मिनिटं मी, मग देशकर, मग पुन्हा मी.
पेन्सिली तीन, शाल एक, पायाशी हीटर,
तो अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी हटकून बंद पडायचा.

बळवंतराव हरकरे आधी डावीकडे,
सत्ता आली तेव्हा उजवीकडे. रांग तिसरीच.
महालातून सहा वेळा निवडून आलेले.
करडी बंडी, बटणं गळ्यापर्यंत,
आणि उभं राहण्याआधी एक खाकरणं.
ते ऐकलं की मी पान उलटायची.
'परंपरा' या शब्दासाठी मी एक छोटी रेघच ठरवून टाकली होती,
त्यांच्यापुरती. वेळ वाचायचा.

देवळाजवळच्या दारू दुकानाला विरोध,
सरकार स्वतःचं असूनही.
सातवीच्या पुस्तकातल्या शरीराच्या धड्याला विरोध.
बायकांच्या रात्रपाळीला विरोध,
त्या भाषणात सत्तावीस वेळा 'माता-भगिनी'.
मी मोजलं. घड्याळात सव्वाअकरा झाले होते रात्रीचे
आणि मी लिहून राहिली होती.

बाहेर टेकडी रोडवर मोर्चे अडवलेले असायचे.
एका वर्षी त्यात माझा भाऊ होता.
घोषणा भिंतीतून आत यायच्या.
त्या लिहायच्या नसतात.

खोटं का बोलू, आमच्या टेबलाकडे बघणारे तेवढेच एक.
"बाई, जेवल्या का?" विचारायचे.
एकदा आडनाव विचारलं. मी सांगितलं.
"हं," म्हणाले.
त्या 'हं'ला कुठल्याच लघुलिपीत खूण नाही.

मग ते अशासकीय विधेयक.
जातीबाहेर लग्न केलेल्या पोरापोरींसाठी
दर जिल्ह्यात एक घर, सरकारी कुलूप, एक हवालदार.
शेवटचा शुक्रवार. अर्ध्या सभागृहाचं लक्ष परतीच्या विमानाकडे.
"अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."
डावीकडून आठ-दहा आवाज.
आणि उजवीकडून, तिसऱ्या रांगेतून,
एक खाकरणं, आणि त्याच्या मागोमाग
ओठांच्या आतच राहिलेला एक शब्द.
मग 'नाही'चा गडगडाट. बाकं वाजली.
विधेयक फेटाळण्यात आले.
माझी पेन्सिल मात्र खूण काढून मोकळी झाली होती.
आवाजी मतदानात नावांचा रकाना नसतो.
मी ती खोडली.
ते घर झालं असतं तर कुणाला लागलं असतं, मला ठाऊक आहे.
ते इथे नको.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी ते इंदोऱ्याला आले,
माझ्या घरी, दोन जिने चढून, काठी टेकत.
भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे पाहिलं,
खुर्ची थोडी सरकवली, बसले.
"पंचाहत्तरी आहे. गौरवग्रंथ काढून राहिले पोरं.
एक प्रकरण माझ्या मतांचं.
लिहायचं आहे, तीस वर्षांत एकदाही ढळलो नाही.
तुम्ही साक्षीदार."
मी चहा ठेवला.
"त्या शुक्रवारीही 'नाही'च होतं न, बाई?"
कुठल्या शुक्रवारी, ते त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
"कार्यवाहीत नावं नसतात, साहेब," म्हटलं.
त्यांनी मान हलवली. चहा पूर्ण प्यायले, गाळासकट.
कप स्वतः उचलून मोरीपर्यंत नेऊन ठेवला.
चष्मा पुसत म्हणाले, धाकटी नात पुण्यात असते,
आणि पुढचं वाक्य सुरू करून सोडून दिलं.

जिन्याच्या वळणावर थांबले. माझ्याकडे पाठ.
"पण तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

मी "होय" म्हटलं.
हळूच निघालं तोंडातून.
खाली ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता.
त्यांना ऐकू गेलं की नाही,
माहीत नाही.